शून्य नंबरचा चष्मा

त्या दुकानात गिऱ्हाईक नावाने ओळखलं जात नसे, फ्रेमने ओळखलं जाई. जाड काळी फ्रेम म्हणजे समोरच्या शाळेतल्या बाई. सोनेरी दांडी म्हणजे वकीलसाहेब. दोरीचा चष्मा म्हणजे चष्मा गळ्यात लटकत असताना तो हरवला म्हणून तक्रार घेऊन येणारे आजोबा. त्यामुळे एका उकाड्याच्या दुपारी खांद्याने दार ढकलत, चष्मा दोन्ही हातांत सांभाळत जो तरुण आत आला, तो त्याच क्षणी ‘गोल फ्रेम’ झाला.

“दांडी सैल झालीय,” तो म्हणाला. “मान खाली घातली की चष्मा माझ्याआधी जमिनीवर पोचतो.”

काउंटरमागच्या मुलीला हसू आलं, पण तिने ते ओठांच्या आतच ठेवलं. दुकान तिच्या मामाचं. मामा तिला मनी म्हणायचा, कारण लहानपणी दुधाचा पेलासुद्धा हुंगल्याशिवाय ती तोंडाला लावत नसे. आता सत्ताविशी उलटली, तरी मनीची सवय तीच. दूध असो की माणूस... आधी हुंगायचं.

“द्या इकडे,” ती म्हणाली. स्क्रू घट्ट केला. मग नेहमीसारखं म्हणाली, “चष्मा घालू नका अजून. जवळ या, सरळ बघा.”

हा तिचा नियम होता. गिऱ्हाइकाच्या नाकाचा उतार, कानांची उंची बघायला जवळ जावंच लागतं. पण समोरच्याच्या डोळ्यांवर चष्मा असताना ती कधीच जवळ जात नसे. चष्मा उतरला की माणसाला समोरचं सगळं धूसर दिसतं. तेवढ्या धुक्यात ती निर्धास्तपणे वावरायची. आणि चष्मा परत घालायची वेळ आली, की चटकन हातभर मागे सरून पुढे आरसा धरायची. आरसा समोर आला, की माणूस दुसऱ्या कुणाकडे बघतच नाही!

कारण साधं होतं. खांद्यावर रुळणारे ते दाट, सरळ केस मनीचे नव्हते. काही वर्षांपूर्वी डोक्यात चाई पडायला लागली होती. आधी बोटाच्या पेराएवढी, मग तळहाताएवढी, आणि बघता बघता डोक्यावर काहीच उरलं नाही. औषधं झाली, इंजेक्शनं झाली. शेवटी विग आला. कपाळाच्या कडेने गोंद लावून बसवायचा, रात्री सोडवायचा. हे घरात मामा-मामीला ठाऊक होतं. बाहेर एकालाच — ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं त्याला. लपवून काय मिळणार, म्हणून तिने आपणहून सांगितलं. “मला काय फरक पडतो?” तो म्हणाला होता, आणि त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. पुढे त्याच्या आईचा निरोप आला, मुलाचा सध्या लग्नाचा विचार नाही. मुलाने मात्र वर्षाच्या आत विचार बदलला — दुसऱ्या मुलीच्या बाबतीत. मनीने तेव्हाच कानाला खडा लावला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“बघा, बसतोय का नीट,” आता ती आरशामागून म्हणाली.

त्याने आरशात बघितलं, मग आरशाच्या वरून बघितलं. “छान बसलाय,” तो म्हणाला.

तो गेल्यावर हवेत एक वास मागे राहिला. औषधी, थोडासा राळेसारखा. मनीला तो चांगला ओळखीचा होता. गोंदाचा वास! तिने हळूच कपाळाकडे बोट नेलं. कड सुटली की काय? नव्हती सुटली. उलट गेल्या आठवड्यात मागवलेल्या नव्या गोंदाने ती जरा जास्तच घट्ट धरली होती. घामाने जुना गोंद सुटायला लागला, म्हणून ‘घामातही हलणार नाही’ असं बाटलीवर छापलेला हा नवा तिने आणला होता. हलत नव्हता खरा. पण त्याखाली कपाळ दिवसभर चुरचुरत होतं.

चार दिवसांनी गोल फ्रेम पुन्हा हजर.

“आता दुसरी दांडी,” तो म्हणाला. “बहुतेक पहिलीचं बघून बिघडली.”

त्यानंतर नाकाचे पॅड वाकडे झाले. त्यानंतर पुन्हा पहिली दांडी. मनीने आयुष्यात शेकडो स्क्रू आवळले होते. इतका चंचल स्क्रू तिने बघितला नव्हता. प्रत्येक वेळी तो काहीतरी बोलायचा, ती तोलून मापून उत्तर द्यायची.

“तुम्ही स्वतः चष्मा नाही लावत?”

“मला नंबर नाही.”

“मग एवढं बारकाईने काय बघता माझ्याकडे?”

“तुमच्याकडे नाही. कानाकडे.”

“डाव्या की उजव्या? म्हणजे तसं... मी तो पुढे करत जाईन.”

या वेळी हसू ओठांच्या आत राहिलं नाही. पण तो गेला आणि वास राहिला — तोच. म्हणजे गोंद आपला नव्हता. त्याचा होता! आणि हे लक्षात आल्यावर तिला मघाशी दिसलेली आणखी एक गोष्ट आठवली: त्याच्या वरच्या ओठावर, नाकाखाली, एक लालसर पट्टा. बारीक पुरळ आलेलं. बाकी चेहरा गुळगुळीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामाने भर घातली. “मनी, तुझा तो गोल फ्रेम आज चहाच्या टपरीवर बघितला. मिशी होती त्याला! ही एवढी, पांढरी, झुपकेदार!”

“काल तर नव्हती.”

“तेच म्हणतोय मी. मिशी काय दुर्वांसारखी रात्रीत उगवते? कुठेतरी पाणी मुरतंय. हा माणूस दुकान हेरतोय, माझं ऐक.”

तेव्हापासून गोल फ्रेम दारात दिसला, की मामा शोकेसमधल्या महागाच्या फ्रेम उचलून खालच्या कपाटात ठेवायचा आणि कपाटाला पाठ लावून उभा राहायचा. मनीला मामाचं हसू यायचं, आणि स्वतःचा राग. कारण शंका तिलाही होती, मामापेक्षा जास्त होती. पण दाराची घंटी वाजली की मान मात्र तिचीच आधी वळायची. असा कसा हा संशय, जो आरशात बघून केस सारखे करायला लावतो?

कपाळ आता नुसतं चुरचुरत नव्हतं, पेटत होतं. रात्री विग ओढून काढताना कातडीचं सालपट निघालं. सकाळी तिने त्याच्यावरच पुन्हा गोंद लावला. दुकान उघडायचं होतं ना.

त्या दिवशी तो पुन्हा आला. चष्मा काढून तिच्या हातात दिला, शहाण्यासारखा सरळ उभा राहिला. ती वाकून त्याच्या नाकावरच्या खुणा बघत होती, इतक्यात केसांच्या कडेखालून काहीतरी ओलं, कोमट कपाळावर ओघळलं. तिने मनगटाने पटकन टिपलं. धुक्यात काय दिसणार होतं त्याला?

“ओढून नका काढत जाऊ,” तो अगदी हळू म्हणाला. “तेल लावून, जरा थांबून सोडवायचा. नाहीतर कातडी येते बरोबर...”

मनी जागच्या जागी थिजली. “काय म्हणालात?”

“काही नाही. म्हणजे... मी असंच...”

ती चष्मा घेऊन आतल्या खोलीत गेली. काचांचा नंबर तपासायचं यंत्र तिथे होतं. इतक्या वेळा हा चष्मा हातात आला, पण तिने फक्त दांड्या आणि स्क्रू बघितले होते. काचा तपासायचं कारणच पडलं नव्हतं. आता तिने चष्मा यंत्राखाली धरला. डावी काच. उजवी काच. पुन्हा डावी.

बाहेर येऊन तिने चष्मा काउंटरवर ठेवला.

“तुमच्या काचांना नंबरच नाही.”

त्याची नजर चष्म्यावर गेली.

“शून्य आहे. खिडकीची काच आणि ही काच सारखीच. म्हणजे चष्मा काढल्यावरही तुम्हाला सगळं स्वच्छ दिसतं.”

“हो.”

“पहिल्या दिवसापासून?”

“पहिल्या दिवसापासून,” तो म्हणाला.

मनीच्या डोळ्यांसमोरून सगळ्या दुपारी सरकल्या. आपण कशा निर्धास्त वाकलो होतो, कपाळ किती जवळ नेलं होतं! ज्या धुक्याच्या भरवशावर ती वावरत होती, ते धुकं नव्हतंच. तिला रडू आलं, आणि रडू आलं याचा संताप.

“कोण आहात तुम्ही?”

“नाटकात काम करतो. बाजारामागच्या नाट्यगृहात प्रयोग चाललेत आमचे. मी निवृत्त हेडमास्तर आहे त्यात.” त्याने ओठावरून बोट फिरवलं. “चष्मा हेडमास्तरांचा. मिशी हेडमास्तरांची. पुरळ तेवढं माझं.”

“आणि रोज सैल होणारा स्क्रू?”

“पहिल्यांदा खरंच झाला होता.”

“नंतर?”

त्याने अंगठ्याचं नख पुढे केलं. ते कडेला चांगलंच झिजलं होतं. एरवी तिला केवढं हसू आलं असतं!

“म्हणजे सगळं बघितलंत, ओळखलंत, आणि रोज येऊन गंमत बघत होता. की कीव आली होती?”

“कीव आली असती तर एकदाच आलो असतो,” तो म्हणाला. “कीव आलेली माणसं गोड बोलून जातात. परत येत नाहीत.”

हे वाक्य बरोबर दुखऱ्या जागी लागलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, कुणाचं वर्णन आपण केलंय! पण दुधाने पोळलेलं तोंड. मनी ताकसुद्धा फुंकूनच पिणार. तिने खणातून एक इवली बाटली काढली, दोन्ही दांड्यांच्या स्क्रूंवर एकेक थेंब सोडला.

“हा स्क्रूचा गोंद. आता नखाने काय, स्क्रूड्रायव्हरनेही हलणार नाहीत. तुम्हाला परत यायची गरज पडणार नाही.”

त्याने दांडी एकदा उघडली, मिटली. मग चष्मा खिशात घालून निघून गेला. दाराची घंटी उगाचच हलत राहिली.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी कपाळ बघितलं आणि चष्म्यावरून मनीकडे बघितलं. “नवा गोंद आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितला होता?”

“नाही.”

“अहो, एक थेंब लावायचा, दिवसभर थांबायचं. खाज नाही, लाली नाही, तर मग चेहऱ्याला. थेट कपाळावरच प्रयोग?” त्यांनी मलम लिहून दिलं. “हे भरून येईपर्यंत गोंद बंद. विग बंद. हट्ट केलात तर जखम चिघळेल, व्रण राहील. मग कायमचाच विग बसणार नाही तिथे.”

मनी घरी आली आणि मामाला म्हणाली, “मी दुकानात येणार नाही.”

“कधीपर्यंत?”

“माहीत नाही.”

ती घरात बसली. डोक्याला सुती ओढणी, कपाळाला मलम. आणि डोक्यात एकच किडा — त्याने सांगितलं असेल. सगळ्या नाटकवाल्यांना सांगितलं असेल. आता चहाच्या टपरीवर तिची नक्कल होत असेल. उद्या दुकानात जो येईल, तो कपाळाकडे बघेल.

“त्याला तोंड आहे म्हणून तो सांगेलच असं कुठाय?” मामी म्हणाली.

“तू ओळखतेस का त्याला?”

“मी नाही. तू ओळखतेस. म्हणून तर एवढी चिडलीयेस.”

रविवारी दुपारी ओढणी भुवयांपर्यंत ओढून ती नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसली. प्रेमाबिमाने नव्हे हं! खात्री करायला. हा खरंच नट आहे, की तीही थापच? खरं सांगायचं तर तो खोटारडा निघावा असं तिला मनापासून वाटत होतं. खोटारड्या माणसाला मनातून काढून टाकणं सोपं असतं.

पडदा उघडला आणि वाकलेल्या पाठीचे हेडमास्तर आत आले. झुपकेदार पांढरी मिशी, गोल चष्मा. आवाजसुद्धा म्हातारा. ते आपल्या मुलाला रागे भरत होते — मुलगा घर सोडून निघाला होता — आणि ऐन रागाच्या भरात मिशीचा डावा अर्धा भाग सुटला आणि हनुवटीवर लोंबू लागला.

प्रेक्षागृह खो खो हसायला लागलं. मनीने डोळे गच्च मिटले. जणू तिचंच काही सगळ्यांसमोर सुटून आलं होतं. आता हा पळेल. तोंड लपवेल.

डोळे उघडले, तर तो तिथेच होता. त्याने शांतपणे उरलेली मिशी सोडवली, रुमालात घडी करून खिशात ठेवली, आणि मुलाकडे वळून म्हणाला, “या घरात माझं कुणीच ऐकायचं नाही असं ठरलंय ना? मग मिशीने तरी का ऐकावं!”

टाळ्या पडल्या. पण मनीला अचंबा पुढच्याचा वाटला. ओठावरचा लाल पट्टा दिव्यांच्या उजेडात लखलखीत दिसत होता, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना दिसत होता. आणि तो तसाच बोलत राहिला. मुलाला दारातून परत हाक मारताना त्याचा आवाज कापला, तेव्हा कुणी हसलं नाही. तिच्या शेजारच्या बाईंनी तर पदराने डोळे टिपले. मिशी गेली ते गेली. हेडमास्तर कुठे गेले नव्हते.

ती त्याला न भेटताच घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढणी बांधून दुकानात जाऊन उभी राहिली. मामाने वर बघितलं आणि तिच्यापुढे आवळायच्या स्क्रूंची डबी सरकवली.

जाड काळ्या फ्रेमने विचारलं, “बरं नाही का ग?” “त्वचेचा त्रास आहे,” मनी म्हणाली. “बरं बरं,” म्हणत बाईंनी आपला चष्मा पुढे केला. बस्स, एवढंच. आभाळ जिथल्या तिथे होतं.

पण तो आला नाही. आज नाही, उद्या नाही. कसा येणार? दोन्ही स्क्रूंवर स्वतःच्या हाताने गोंद घालून बसलेली ती! घंटी वाजायची, मान वळायची, आणि दारात दोरीवाले आजोबा. आपला चष्मा शोधत.

एका दुपारी घंटी वाजली आणि तिने मुद्दाम मान वळवली नाही.

“दांडी तुटलीय,” आवाज म्हणाला.

काउंटरवर रुमाल उलगडला गेला. आत गोल चष्मा, दोन तुकड्यांत. मामा लगबगीने शोकेसकडे गेला आणि महागाच्या फ्रेम खालच्या कपाटात टाकून पाठ लावून उभा राहिला.

मनीने तुकडा उचलून बघितला. स्क्रू जागच्या जागी घट्ट. दांडी मधोमध मोडलेली.

“तुटली, की तोडलीत?”

“स्क्रू हलेना,” तो खाली बघत म्हणाला. “बरेच दिवस प्रयत्न केला...”

“आणि मिशी? ती पाडलीत, की पडली?”

त्याने झटकन वर बघितलं. “तुम्ही... आला होता?”

“खात्री करायला.”

“कसली?”

“आधी सांगा, पडली की पाडलीत?”

“पडली! पुरळ बरं व्हावं म्हणून सौम्य गोंद आणला होता. घामात टिकला नाही.”

“आणि मी घामात टिकावा म्हणून जहाल आणला,” मनी म्हणाली. तिला आता खरंच हसू यायला लागलं होतं. “नवा गोंद आधी मनगटाला लावून बघायचा असतो. एक थेंब. दिवसभर थांबायचं. चुरचुरला नाही, तरच चेहऱ्याला.”

“माणसांचंही असंच करता वाटतं?”

“करते. तेही एकदा न बघता थेट लावलं होतं. फार पोळलं.”

मग त्याने आपलं मनगट उताणं करून काउंटरवर ठेवलं. “मग बघा लावून. मला घाई नाही. दिवसभर म्हणालात तर दिवसभर, वर्षभर म्हणालात तर... फक्त रोज चष्मा मोडायला लावू नका, हेडमास्तर रागावतात.”

“कुणाला सांगितलंत माझ्याबद्दल?”

“सांगितलं.”

मनीने चष्म्याचा तुकडा खाली ठेवला.

“आमच्या रंगभूषाकाराला,” तो म्हणाला. “म्हटलं, चष्म्याच्या दुकानात एक मुलगी आहे, माझं प्रत्येक वाक्य हुंगून बघते, आणि मला ती फार आवडते. एवढंच. बाकीचं माझ्याकडचं नव्हतं, तुमचं होतं.”

मनीने त्याचा चेहरा नीट बघितला. डावीकडून, उजवीकडून, एखाद्या काचेवर ओरखडा शोधावा तसा. सापडला नाही. मग तिने मागे हात नेऊन ओढणीची गाठ सोडली.

ओढणी खांद्यावर उतरली. उघडं डोकं, कपाळाच्या कडेने लाल-तपकिरी खपल्या, वर मलमाचा पांढुरका थर. कपाटाला टेकलेला मामा सरळ उभा राहिला. मनीने ओढणी परत वर घेतली नाही. समोरच्या खणातून एक गोल फ्रेम काढली, त्याच्या कानांवर चढवली, आणि या वेळी मागे सरली नाही. आरसाही धरला नाही.

“बसतेय?” तिने विचारलं.

“बसतेय.”

“आता काढ.”

“काढली तरी मला दिसतं,” तो हळूच म्हणाला.

“माहीत आहे,” मनी म्हणाली. “म्हणूनच.”

त्याने फ्रेम काढली आणि बघितलं. बराच वेळ, न संकोचता बघितलं. आणि मग जगातल्या कुठल्याही प्रियकराने म्हटलं नसेल असं काहीतरी म्हणाला:

“उजवीकडचं भरून आलंय. डावीकडे मलम कमी लावतेस तू.”

मनी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मागे कपाटाचं दार कुरकुरलं. मामा खाली वाकला होता, आणि महागाच्या फ्रेम एकेक करून पुन्हा शोकेसमध्ये मांडत होता.